बुधवारचा सोडा

चिंचणीच्या रखमाला पोटाचा विकार आहे, हे तिच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो नाही, हे फक्त रखमाला ठाऊक होतं.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालची. बोईसरला कारखाने भराभर उभे राहत होते आणि वाडीतली तोंडली-पापडी तिथे हातोहात खपत होती. दर बुधवारी रखमा पहिल्या एसटीनं पाटी घेऊन जायची. ‘मौसी, आधा किलो, जल्दी’ असं ऐकत ऐकत दुपारपर्यंत पाटी रिकामी करायची. मग स्टेशनाजवळ हंसाबेनच्या दुकानात जाऊन एक गोटीसोडा प्यायची.

हंसाबेन वलसाडकडची. सोड्याचं मशीन स्वतः फिरवायची, बाटल्या स्वतः धुवायची. गोटीसोडा काही घाईनं पिता येत नाही. बाटली जरा जास्त कलंडली की गोटी गळ्याशी येते आणि धार बंद. शिवाय बाटली दुकानाची, ती परत देईपर्यंत हलता येत नाही. म्हणून रखमा बाकड्यावर चांगली अर्धा-पाऊण तास बसायची.

उशीर का झाला, असं सासूनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा तोंडाला आलं ते ती बोलून गेली, “पोटात गॅस धरला. सोडा प्याले.” औषध म्हटल्यावर कोण काय बोलणार? सहा वर्षं असंच निभावलं.

पण नवरा रामनाथ मनानं हळवा. सहा वर्षं बायकोचं पोट बरं होत नाही म्हणजे काय? तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट चहूबाजूंनी दाबून बघितलं.

“सोडा किती वेळा पिता?”

“बुधवारी.”

“आणि बाकीचे दिवस गॅस होत नाही?”

रखमा वरच्या पंख्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी जेवणानंतर ओवा खायला सांगितला.

एवढ्यावर रामनाथचं समाधान होईना. त्यानं आपणच उपाय काढला. सोमवारी सायकल मारत बोईसरला गेला, हंसाबेनकडे अनामत ठेवून सहा बाटल्या आणल्या आणि विहिरीकाठी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या.

“आता उन्हातानाचं तू जायाचं नाय,” तो म्हणाला. “बुधवारी पाटी मी नेतो. तू आराम कर आन् घरी बसून सोडा पी.”

रखमाच्या पोटात तेव्हा खरोखरच गोळा आला.

बुधवारी तिनं पहिली बाटली फोडली. आवाज ऐकून सासू ओसरीवरून म्हणाली, “मला जरा दे गो, तोंडाला चव नाय.” ती बाटली तिकडेच गेली. शेजारची मैनाबाई बहिणीला घेऊन सहज म्हणून आली. पाहुण्यांना नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून आणखी दोन गेल्या. दीर शांतारामनं वाडीतून येऊन उभ्या उभ्या दोन संपवल्या. सहावी रखमानं हातात घेतली, तर शेजाऱ्यांची गाय पापडीत शिरली. गाय हाकलून ती परत आली तेव्हा बाटली रिकामी होती आणि सासू समाधानानं ढेकर देत होती.

संध्याकाळी रामनाथ आला तो अर्धी पाटी तशीच घेऊन. “तुजी गिऱ्हाइकं मला काय दाद देत नाय. मौसी किधर है, इचारतात.” पाय धुता धुता त्यानं आवाज खाली आणला. “हंसाबेन काय म्हनली म्हायती हाय? म्हनली, गॅस कसला? सहा वरसांत रखमाबेनचा एक ढेकर मी ऐकला नाय.”

रखमा तांदूळ निवडत होती.

“मंग पितेस कशाला?”

“बसायला.”

“बसायला? घरात बस की. कोन नको म्हनतं?”

“घरात बसले की कोनीतरी हाक मारतं. बाजारात गिऱ्हाईक हाक मारतं. चायच्या हाटेलात सगळे बाप्ये. हंसाबेनच्या बाकड्यावर हातात बाटली असली की मला कोन काय सांगत नाय. येनारी-जानारी मानसं बघते. झालं.”

रामनाथ बराच वेळ टॉवेलनं कोरडेच पाय पुसत होता. “माज्यावर राग हाय काय तुजा?”

“राग कशाला? सोडा हाय तो,” रखमा म्हणाली आणि तिला हसू आलं. मग त्यालाही आलं.

दुसऱ्या दिवशी रामनाथनं आईला ऐकू जाईल असं सांगितलं, “डॉक्टर म्हनला, सोडा मशीनजवळच प्यायाचा. घरी आनला की त्याचा जोर उतरतो.”

“तरीच मला काल काय फरक पडला नाय,” म्हातारी म्हणाली.

पुढच्या बुधवारी त्यानं स्वतः पाटी उचलून रखमाच्या डोक्यावर दिली. मग वर्षानुवर्षं त्यात खंड पडला नाही. बोईसरात रंगीत थंड पेयं आली, फ्रिज आले. रखमानं एकदा त्यातलं एक नळी घालून पिऊन बघितलं. चव बरी होती, पण दोन मिनिटांत बाटली रिकामी.

ब्याण्णव साली हंसाबेननं दुकान विकलं. ती वलसाडला भावाकडे निघाली होती. शेवटच्या बुधवारी रखमा तिच्यासाठी तोंडली घेऊन गेली. इतक्या वर्षांत हंसाबेननं गिऱ्हाइकासोबत कधी सोडा घेतला नव्हता. बनवून बनवून नाकात बसलाय, म्हणायची. त्या दिवशी तिनं दोन बाटल्या फोडल्या आणि रखमाच्या शेजारी येऊन बसली. वीस वर्षं सोडा विकणाऱ्या बाईला तो नीट पिता येईना. निम्मा पदरावर सांडला. रखमानं तिला बाटली कशी धरायची ते दाखवलं.

पुढच्या बुधवारपासून रखमा नाक्यावरच्या रसवंतीत बसू लागली. उसाचा रस तिला गोडमिट्ट लागायचा. पण बाकडं रुंद होतं, आणि पाठ टेकायला भिंतही होती.