वॉर्ड निवडा

रविवार, १८ जानेवारी. सकाळी डायनिंग टेबलवर बसून मी प्रेझेंटेशनमधल्या स्पेलिंगच्या चुका काढत होते. तेवढ्यात तिवारी सरांचा, म्हणजे माझ्या बॉसचा, फोन आला.

"मॅडम, जा रही हैं ना?"

"निकल ही रही हूँ, सर."

"अपना पोर्टल बढिया से दिखाइए. और वो फाइल पे कल सुबह साइन कर दीजिए. फिर खिडकी बंद."

मी इंदूरमधल्या एका पाणीपुरवठा कार्यालयात आयटीचं काम बघते. नळाचं कनेक्शन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करण्याला इथे नामांतरण म्हणतात. त्यासाठी लोक आमच्या खिडकीवर अर्ज द्यायचे. आता पोर्टल तयार झालं होतं, आणि खिडकी बंद करून सगळे अर्ज ऑनलाइन घ्यायचं ठरलं होतं. त्याला माझा साइन-ऑफ हवा होता. साइन-ऑफ म्हणजे 'मी तपासलं, चालतं' असं लिहून खाली सही. मी तपासलं होतं आणि ते चालत होतं. सही तेवढी राहिली होती.

रविवारचा कार्यक्रम होता 'सरकार आणि वेब' या विषयावरची अनकॉन्फरन्स. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून स्वतःहून जायला तयार झाले. जागा भंवरकुआंला, एका कोचिंग क्लासच्या वर्गांमध्ये. फळ्यांवर शनिवारची गणितं तशीच होती. दारात एका मुलीने मला बिल्ला दिला. त्यावर फक्त 'मीनल' लिहिलं होतं.

"पद कुठे लिहायचं?" मी विचारलं.

"पद नाही लिहायचं, मॅडम. इथे सगळे सेम."

वेळापत्रक नव्हतं. अध्यक्ष नव्हते, दीपप्रज्वलन नव्हतं. एक रिकामी भिंत होती. ज्याला जे बोलायचं त्याने ते कागदावर लिहून भिंतीवर चिकटवायचं आणि एखादा वर्ग पकडायचा. नियम एकच: जिथे तुम्हाला काही मिळत नाही आणि तुम्ही काही देत नाही, तिथून उठून दुसऱ्या वर्गात जायचं. कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही.

मी लिहिलं, 'ऑनलाइन नामांतरण: आमचा अनुभव', आणि कागद चिकटवला.

माझा वर्ग भरला. बघते तर अर्धे आमच्याच ऑफिसचे आणि उरलेले पोर्टल बनवणाऱ्या कंपनीचे. कंपनीचा मॅनेजर अंकित दुसऱ्या ओळीत बसून प्रत्येक स्लाइडला मान हलवत होता. पहिली ओळ त्यांनी सवयीने रिकामी सोडली होती, साहेब लोकांसाठी. मी मध्येच थांबून म्हटलं, "काही चुकत असेल तर सांगा."

"नाही मॅडम, एकदम बढिया," आमचे सोनीजी म्हणाले.

कोणी उठेना. उठणार कसं? मॅडम बोलत असताना उठून जायची आमच्याकडे पद्धत नाही. मला काही मिळत नव्हतं आणि त्यांना जे देत होते ते त्यांनीच मला दिलेलं होतं. नियम सरळ होता. मी पर्स उचलली.

"मॅडम, आपण कुठे?" सोनीजी दचकले.

"दुसऱ्या वर्गात. नियम आहे."

"और बाकी की स्लाइड्स?" अंकितने विचारलं.

"आप ही ने बनाई हैं. आप देख लीजिए."

शेजारच्या वर्गातून हसण्याचा आवाज येत होता, म्हणून तिथे शिरले. शुभांगी नावाची वेब डिझायनर तिथे एक खेळ घेत होती. सरकारी साइटवर आपलं खरं काम काढायचं आणि ते फोनवर पूर्ण करून दाखवायचं. आत्ता पाळी होती शिंदेताईंची. सुदामा नगरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. आणि साइट आमची होती.

"नळ अजून सासऱ्यांच्या नावावर आहे," त्या सांगत होत्या. "नवीन मीटर पाहिजे, तर म्हणतात आधी नामांतरण करा. मी सरळ खिडकीवर गेले असते. पण ती म्हणे उद्यापासून बंद."

मी गुपचूप मागे बसले.

ताईंनी नाव टाकलं. कनेक्शन नंबर टाकला. मग आलं 'वॉर्ड निवडा', आणि खाली आकड्यांची लांब यादी.

"आता हे काय? वॉर्ड कोणाला पता असतो? आपण तर सांगतो, सुदामा नगर, मंदिराच्या पाठीमागे."

"बिलावर बघा ना, ताई," कोणीतरी सुचवलं. बिल पर्समध्ये होतं, त्यावर वॉर्डही होता. ताईंनी तो टाकला. लाल अक्षरं आली: रेकॉर्ड सापडला नाही.

कारण मला लगेच कळलं. वॉर्डांची रचना बदलली आहे. बिलावर जुना नंबर छापून येतो, पोर्टलला नवा लागतो.

"अंदाजाने टाका," मागून एक भिया, म्हणजे आमच्या इंदूरचा भैया, म्हणाला. "लॉटरी है, लग भी सकती है!" परत हशा. ताईंनी अंदाजाने टाकून पाहिला. परत लाल. शुभांगीने सगळ्यांना आपापल्या घराचा वॉर्ड शोधायला सांगितलं. मीही फोन काढला. माझ्या घराचा वॉर्ड मलाच सापडेना. मी हा फॉर्म कितीतरी वेळा भरला होता आणि एकदाही अडले नव्हते. का अडले नव्हते, हा विचार करताना मला माझं टेबल आठवलं. त्याच्या समोरच्या भिंतीवर एक तक्ता आहे: कॉलनी, जुना वॉर्ड, नवा वॉर्ड. आम्ही सगळ्यांनी टेस्टिंग त्याच्याखाली बसून केलं होतं. मान वर करायची, आकडा बघायचा, टाकायचा. इतक्या सवयीने, की मान वर केल्याचंही लक्षात राहत नव्हतं.

ताईंनी मागे वळून विचारलं, "तुम्ही काय करता हो?"

"हे पोर्टल माझंच आहे."

मग ताई म्हणाल्या, "अरे वा! मग तुम्हीच सांगा, माझा वॉर्ड कोणता?"

"मला माहीत नाही."

"बघा! आणि आम्हाला विचारतात." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी त्यांचा फोन नंबर लिहून घेतला.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. स्टुलावर चढून तक्ता काढला आणि गुंडाळून कपाटामागे ठेवला. तिवारी सर आले.

"साइन हो गया?"

"सर, पहले एक बार अपने घर का भर के देखिए. दो मिनट का काम है."

सर माझ्या खुर्चीत बसले. नाव टाकलं, कनेक्शन नंबर टाकला. वॉर्डापाशी आले आणि त्यांची मान आपोआप वर गेली. भिंतीवर नुसता खिळा होता.

"चार्ट कहाँ गया?"

"लोगों के घर में भी नहीं है, सर."

सरांनी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाले, "ऊपर क्या बताऊँगा?"

"कॉलोनी से ढूँढने का इंतजाम होने तक खिडकी चालू रहेगी. यही बताइए. मैं लिख के देती हूँ."

फाइलवर मी तेवढंच लिहिलं आणि सही त्याखाली केली. अंकितला बोलावून सांगितलं, यापुढे टेस्टिंग आमच्या ऑफिसात होणार नाही. मग शिंदेताईंना फोन लावला.

"ताई, आजच या. खिडकी उघडी आहे. बिल तेवढं आणा, वॉर्ड आम्ही बघतो."

"आता सापडला वाटतं?"

"सापडला. कपाटामागे आहे."