पेत्राला सरकारी नोकरी नव्हती

रविवारी दिल्लीतल्या आमच्या मराठी उपासनेत विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण ख्रिस्ती असल्याची जाहीर कबुली, म्हणायला सगळे उभे राहिले, की साळवेकाका खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागत. उन्हाळ्यात पायात चपला असल्या तरी वाकतच. मृतांचं पुनरुत्थान म्हणून झालं, आमेन झालं, की मगच डोकं वर येई.

काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. नोकरी अनुसूचित जातीच्या दाखल्यावर मिळालेली, आणि ख्रिस्ती माणसाला तो दाखला मिळत नाही. म्हणून कागदोपत्री जनार्दन, हिंदू. बाप्तिस्म्याचं नाव योहान, ते आम्हा चार घरांनाच ठाऊक. बाप्तिस्म्याने त्यांची जात कुणीच विसरलं नव्हतं, आमच्या चर्चमध्येसुद्धा नाही. विसरणार होतं ते फक्त सरकार.

मी मिशनच्या मास्तरांची मुलगी, खासगी शाळेत शिक्षिका. गमावण्यासारखं काही नसल्यामुळे माझा विश्वास भलताच ताठ होता. कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्यावरून मी काकांना तोंडावर पेत्रकाका म्हणत असे. ते रागवत नसत.

"पेत्राला सरकारी नोकरी नव्हती गं," एवढंच म्हणत.

रिटायर झालो की उभा राहीन, असा त्यांचा शब्द होता. रिटायर झाले, तोवर मुलगा विनय तसाच दाखला काढून नोकरीला लागला होता. काका वाकतच राहिले. मी चिडवतच राहिले. आज त्याची लाज वाटते.

शेवटच्या आजारात गाझियाबादला त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"मला जाळू देऊ नकोस. जन्मभर उभा राहिलो नाही, पुनरुत्थानाच्या दिवशी तरी उठेन. योहान म्हणून पुरा मला."

"बिल्कुल, काका," मी म्हणाले. विनय चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता.

तिसऱ्या दिवशी काका गेले. यमुनेकाठी चिता रचलेली होती आणि विनयचं अर्धं ऑफिस आलेलं होतं. मी तरातरा पुढे गेले. त्याने मला बाजूला घेतलं.

"ताई, साहब लोग आलेत. तुम्ही बोललात तर माझी नोकरी जाईल. प्लीज."

त्याचा संताप आला, पण त्याचं खोटं नव्हतं. त्याची बायको दोन लहान मुलींना घेऊन घरी बसली होती.

भटजींनी मृताचं नाव विचारलं. "जनार्दन," विनय म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी खाली वाकले आणि चपलेचा पट्टा नीट करू लागले. पट्टा नीटच होता.