सात नंबरची कॅसेट

मुलांनो, आपल्या उमरग्याच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी, काड्यापेटीहून थोडी मोठी एक डबी आहे. ती संगणक आहे, हे तुमच्या बाबांनी मला दोनदा समजावलं. मागच्या दिवाळीत पंधरा दिवस खपून त्यांनी घरातल्या सगळ्या कॅसेटी तिच्यात उतरवल्या आणि स्पीकर जोडून दिला. फोनवर बोट ठेवलं की गाणं लागायचं. जाताना त्यांनी डबीवर कागद चिकटवला: ‘हे बंद करायचं नाही.’

एकच वस्तू दोन ठिकाणी ठेवणं मला कधी जमलं नाही. बाबा परत गेले त्याच आठवड्यात उतरवताना त्यांनी क्रमांक घातलेल्या सगळ्या कॅसेटी मी भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवल्या. कपाटाचा एक कप्पा मोकळा झाला, याचं मला समाधान वाटलं होतं.

त्यातल्या बहुतेक विकतच्या होत्या. सात नंबरची मात्र तुमच्या आजोबांनी घरीच भरली होती. तिच्यात सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, ताक घुसळत कानडी गाणी म्हणतात आणि मध्येच थांबून सांगतात, “पोरी, दूध बघ.” ती पोरी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आता ऐंशी ओलांडलेल्या, नजर अधू. शेजारच्या घरातून रोज सकाळी काठी टेकत येतात, लसूण सोलत बसतात. ते वाक्य आलं की त्या स्पीकरकडे तोंड करून म्हणायच्या, “बघितलं, आत्याबाई.” मग स्वतःच हसायच्या.

बाहेर पडताना गॅस बंद, मेन स्विच बंद, मग कुलूप, हा या घरातला जुना नेम आहे. एकदा वीज कमी-जास्त होऊन फ्रिज जळाला, तेव्हापासूनचा. बाजार असो, दवाखाना असो, मेन खाली ओढल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. डबीच्या बटणाला मात्र मी कधी हात लावला नाही. कागदावर लिहिलेलं तंतोतंत पाळत होते.

महिन्यापूर्वी देवळातून परत आले, मेन वर केला, तर डबीचा हिरवा दिवा लागेना. तुमच्या बाबांना फोन केला.

“आई, मेन बंद केल्यावर डबी चालू कशी राहील?”

मी डबीवरचा कागद पुन्हा वाचला. जन्मभर वर्गात पोरांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगितलं.

सारखी एकदम वीज तोडल्यानं आतलं, गाणी साठवलेलं कार्ड खराब झालं असावं, असं ते म्हणाले. दुसरी प्रत काढायची त्यांच्याकडूनही राहून गेली होती. मोबाइलच्या दुकानदारानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि नुसती मान हलवली. धाराशिवला एकाला दाखवलं. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. उत्तर तेच.

जाऊबाईंना चार दिवस मी ‘वीज नाही’ म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “वीज न्हाय, मग पंखा कसा फिरतोय गं? डोळं गेलेत माझं, वारं कळतंय की.”

मग सगळं सांगितलं.

“कॅसेट कुठंय?”

“भंगारात दिली, अक्का.”

“येवढी इंग्रजी शिकलीस, मास्तरीण झालीस, अन् म्हातारीला भंगारात घातलीस व्हय!” त्या हसत म्हणाल्या. लसणाची पाकळी मात्र बराच वेळ तशीच हातात राहिली. मग हळू म्हणाल्या, “मला पोरी म्हणणारं तेवढंच राहिलं होतं बघ.”

त्या अजूनही रोज येतात. गाण्याचं विचारत नाहीत. दूध तापत असलं की उगाच उठून शेगडीकडे जातात, वाफेवर हात धरून बघतात. मला ते बघवत नाही, आणि आता नवं काही शिकायची उमेदही फारशी उरलेली नाही.

म्हणून हे लिहिते आहे. मे महिन्यात तुम्ही आलात, तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी पणजीचं गाणं आपल्या फोनवर घेताना मी पाहिलं होतं. कोण ते आठवत नाही. आपापले फोन शोधा, जुने असतील तेही शोधा. पूर्ण गाणं नसलं तरी चालेल, दुधाचं ते वाक्य तेवढं बघा. सापडलं तर आधी दोन ठिकाणी ठेवा आणि मग मला पाठवा. नसलं तरी स्पष्ट कळवा. या शोधाबद्दल जाऊबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही.