येळ्ळूरच्या परशाला गद्दार म्हणू देणाऱ्यांनो

मंडळींनो, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून हा कागद क्लबच्या फळ्यावर डकवतोय.

आज छावणीतल्या कॅम्पच्या संघाशी फुटबॉलचा मैत्रीचा सामना होता. आपला सेंटर फॉरवर्ड आलाच नाही. मी दोन वर्षं शिकवलेली पोरं बाहेर तयार बसली होती. सेक्रेटरींना म्हणालो, "अण्णा, येळ्ळूरच्या परशाला पुढं खेळवा."

"खेड्यातली पोरं पुढं नगंत. दहा जणांत खेळू," अण्णा म्हणाले.

कॅम्पवाल्यांचाही एक गडी कमी होता. गोरा पंच घाई करत होता. त्यांच्या कप्तानानं परशाला विचारलं, "आमच्याकडनं खेळतोस काय रं?" परशानं माझ्याकडं बघितलं. मी 'खेळ' म्हणून मान डोलावली.

त्या अनवाणी पोरानं आपल्यावर दोन गोल चढवले.

सामना संपताच अण्णा त्याच्या अंगावर धावले. "गद्दार!"

परशाचे डोळे भरले. म्हणाला, "दोन वर्सं तुमच्याच मैदानाच्या कडंला बसलोतो न्हवं, अण्णा?"

उद्यापासून मी पोरांना घेऊन कॅम्पच्या संघाकडं जातोय.

अण्णांचं सोडा. तुम्ही सगळे तिथंच उभे होता. एकाचंही तोंड का उघडलं नाही?