भगरीचा कौल

आमच्या सक्करदऱ्याच्या सोसायटीतल्या गणपतीचा चांदीचा मुकुट गेला, आणि दुपारपर्यंत चोरही ठरला. जिना पुसणारी बाई. का, तर सकाळी सात वाजता मंदिराजवळ तीच असते. मी म्हटलं, सातला दूधवालाही असतो. अध्यक्ष म्हणाले, "तो माळकरी आहे." संपला विषय.

जिन्याशिवाय बाईकडे बिल्डिंगमधली चार घरची कामं होती. चोर ठरली असती तर चारी दारं बंद, आणि आसपासच्या गल्लीतही कोणी तिला उभं केलं नसतं. म्हणून मी कमिटीत भांडायला बसलो. नाहीतर मी त्या कमिटीत चहापुरताच आहे.

आम्ही चौघं. अध्यक्ष म्हणजे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर, भजनी मंडळाच्या काकू, सीताबर्डीत मोबाइलची कव्हरं विकणारा तिसऱ्या मजल्यावरचा, आणि देवधर्म मानत नाही म्हणून बदनाम असलेला मी. बाईला बाहेर जिन्यावर बसवून ठेवलं होतं.

काकू म्हणाल्या, "ती गुरुवार करते. उपासवाली बाई चोरी नाही करत."

"पण मंदिरासमोरून जाते तं हात नाही जोडत," कव्हरवाला म्हणाला. "मी रोज पाहून राहिलो ना."

मी म्हटलं, "तिच्या एका हातात बादली, दुसऱ्यात पोछा. जोडेल काय, कपाळ?" हा मुद्दा कोणी मनावर घेतला नाही.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. त्यांच्या आजोळी, कुहीकडे, चोर पकडायचा तर देवापुढचे कोरडे तांदूळ चावायला देत. खोट्याच्या तोंडाला कोरड पडते, तांदूळ कोरडेच बाहेर येतात. आयुष्यभर धरणांची गणितं केलेला माणूस हे बोलत होता. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मग आधी आपण चावू. न्याय करणाऱ्यांची तोंडं तरी ओली आहेत का, कळू द्या.

सगळे तयार झाले, आणि काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, आज एकादशी. तांदूळ कसे चालतील?"

अर्धा तास यावरच गेला. बाई राहिली बाजूला. साबुदाणा नको, तो चिकट, चोराला फितूर होईल. शेंगदाण्याला तेल सुटतं. शेवटी भगर ठरली. पण भगरीतून देव कौल देतो का? काकू म्हणाल्या, "उपासाले चालते तं देवाले चालते."

एकेक चमचा कच्ची भगर तोंडात टाकून आम्ही एकमेकांकडे बघत चावत बसलो. अध्यक्षांचा उपास बिनपाण्याचा, त्यांची भगर जशी आत गेली तशीच बाहेर आली. कव्हरवाल्याला ठसका लागला आणि अर्धी माझ्या शर्टावर आली. माझीही कोरडीच. मी बीपीची गोळी घेतो, तिने तोंड कोरडं पडतं, पण तेव्हा ऐकतो कोण? काकूंनी त्यांची वाटी कोणाला दाखवलीच नाही.

मग बाईला आत बोलावलं. तिने शांतपणे चावली आणि वाटीत चांगला ओला लगदा टाकला.

"निर्दोष," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. आम्ही तिघांनी त्याहून घाईने कमिटीच्या वहीत सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्याकडे फरशी पुसायला आली. खोटं कशाला बोलू, मी आभाराची वाट बघत होतो. म्हटलं, "काय वं, सुटली ना तू?"

ती पोछा पिळत म्हणाली, "काका, तुम्ही चौघांनी देवाले विचारलं. मले कोणी विचारलं काय, का बाई, तू घेतला काय म्हणून?"

मी आठवून पाहिलं. दीड तास तिच्यासाठी भांडलो होतो, आणि तिला एक शब्द विचारला नव्हता. मला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या भरात मी विचारून बसलो, "मग, घेतला होता काय?"

तिने बादली पुढे सरकवली.

"नाही," ती म्हणाली. "पाय वर घ्या."