चालेल

दूध वर यायच्या बेतात होतं, नवरा एका पायात मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात घरभर फिरत होता, आणि ताई दोघांवर डोळा ठेवून डबा भरत होती. तेवढ्यात दार वाजलं. बेल नाही, दोन बोटांची हलकी टकटक.

"चालेलकाका दिसतायत," नवरा म्हणाला. "कुठला नळ गळतोय आपला?"

"नळ नाही, तुमचा मोजा गळालाय. सोफ्याखाली बघा."

काका म्हणजे इमारतीचे नळवाले. तळमजल्यावर, पंपाला लागून असलेल्या खोलीत दोघं नवराबायको राहायची. खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारीही ट्यूब लावावी लागे. काकांचं खरं नाव पंपाच्या घरघरीत कधीच बुडून गेलं होतं. जेवणावरून उठवून कामाला बोलावलं, चालेल. सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तरी चालेल. एकदा इमारतीनं त्यांना मागची, दोन खिडक्यांची खोली देऊ केली. तर, लिफ्टवाल्याची पोरं लहान आहेत, त्याला द्या, आम्हाला इथं चालेल, असं म्हणून काका मोकळे झाले. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. इतका समाधानी माणूस शोधून सापडायचा नाही, असं ताईही काकूंना म्हणाली होती.

काकू पहिल्यापासून फटकळ. "शोधता कशाला? न्या की आठवडाभर तुमच्याकडे," त्या म्हणाल्या होत्या. "खिडकी वाटून आली स्वारी! मला विचारलं का कुणी?" ताई तेव्हा पोट धरून हसली होती.

आता ताईनं गॅस बंद करून दार उघडलं, तर काका उभे होते, आणि त्यांच्या हातात हत्यारांची पिशवी नव्हती. काकूंना दवाखान्यातून घरी आणल्याचं कालच ताईच्या कानावर आलं होतं. बरं न वाटताच घरी पाठवतात ते कशासाठी, हेही तिला ठाऊक होतं.

"कशा आहेत काकू?"

"आहे." काकांनी पायरीवरच चपला काढल्या. "तुमचा तो नळ बघू का जरा?"

"नळ बरा आहे. बसा तुम्ही."

ते बसले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तो धडधाकट नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग पाण्याकडे बघतच बोलायला लागले.

"काल तिची खाट पंपाच्या भिंतीला लावली, ताई. दुसरीकडे जागाच नाही. ती भिंत दिवसभर थरथरत असते. म्हटलं, आता ही मला फाडून खाणार. मी तयारीतच होतो." त्यांनी नळ बंद केला. "तर म्हणाली, चालेल."

ताईच्या हातातलं डब्याचं झाकण हातातच राहिलं.

"अख्ख्या जन्मात हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता मी. भाजीत मीठ जास्त पडलं तर स्वतःशीच भांडायची बाई! मी म्हटलं, अगं, ओरड की माझ्यावर. तर डोळे मिटून घेतले." काका ओल्या हाताकडे बघत राहिले. "माझं सगळं चालत गेलं, कारण न चालणारं ती बोलून घ्यायची. आणि मी समजायचो, आपण किती गुणी."

ताईला आपलं ते हसणं आठवलं. काकू तेव्हा विनोद करत नव्हत्या.

नवरा मोजा हातात घेऊन दाराशी आला होता.

"काका, काय आणून देऊ?" ताईनं विचारलं. "औषध? जाड गादी? आमच्याकडे जास्तीची आहे."

"नको नको, चा..." शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. काकांनी तो गिळला.

"हवंय," ते म्हणाले. पहिल्यांदाच सायकलवर बसलेल्या माणसासारखा तो शब्द डगमगत बाहेर आला. "तुमच्या पुढच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. मी तिला उचलून वर आणीन. रोज तासभर तिला त्या खिडकीपाशी निजवू द्याल का?"