बहिऱ्या साहेबाचं विलंबित

आता काय सांगू तुम्हाला, मला सगळं जसंच्या तसं आठवतंय याची खात्री नाही. तबकड्या चार होत्या की पाच, यावर मी अजून स्वतःशीच भांडतो. पण फजिती झाली हे नक्की. ती विसरू द्यायला घरात कुणी तयार नाही!

मी नवाकोरा एम. ए., धारवाडच्या कॉलेजात लागलेलो. कमलाला बघायला तिच्या वडिलांकडे, अण्णा वकिलांकडे, गेलो. परीक्षा मात्र माझीच! अण्णांनी मुंबईहून एका थोर जर्मन संगीतकाराच्या तबकड्या मागवल्या होत्या. तोच तो, कान गेले तरी लिहीत राहिलेला. घरात कुणाला ओ की ठो कळेना.

"तुम्ही शिकलेले. हे उलगडून सांगा, मग पोरीचं बोलू," अण्णा म्हणाले.

आली का पंचाईत? मी त्याचं चरित्र वाचलं होतं. सूर एकही ऐकला नव्हता!

अण्णा पान आणायला आत गेले तेवढ्यात मी पहिल्या दोन तबकड्या चाखून बघितल्या. पहिली एकदम धडाडधूम, दुसरी संथ. हे कसं? अहो, आमच्या गावात न्हावीसुद्धा वस्तरा समेवर उचलतो. आधी विलंबित, मग द्रुत, हे कुणीही सांगेल! तबकड्यांवर आकडे छापणारा कुणी गोरा कारकून, तो चुकला असणार. जन्मभर मी स्वतःवर शंका घेतली, नेमकी त्या दिवशी घेतली नाही. पहिली तबकडी उचलून सगळ्यांत खाली सरकवली. दारामागं बांगड्या वाजल्या, तिकडंही लक्ष दिलं नाही.

मग काय, सुटलोच! संथ वाजलं, म्हटलं, "हे बहिरेपणाचं दुःख." पुढं नाचरं आलं, म्हटलं, "सावरले बघा." शेवटच्या तबकडीवर धडाडधूम झालं आणि खाडकन थांबलं. मी मान खाली घातली. "इथं ते गेले."

अण्णा उठून उभे राहिले. दाजीबानपेठेत कापडाचं दुकान असलेल्या कमलाच्या मामांनी टोपी काढली. मग मामांनी तबकडी उलटून बघितली.

"प्रोफेसर, मागं पण रेघा आहेत की!"

लावली. पुन्हा दणदणाट!

"काय हो, हे तर उठले!"

"पुनर्जन्म," मी घाम पुसत म्हणालो.

अण्णा गहिवरले. लग्न ठरलं.

बऱ्याच वर्षांनी मुंबईत खरे वादक तेच वाजवायला बसले. सुरुवातीलाच धडाडधूम! मी कमलाच्या कानाला लागलो, "यांनी मरण आधी घेतलं!"

"सुम्न कुंद्री!" तिनं मला दटावून गप्प बसवलं. "क्रम हाच आहे. तुम्ही तबकडी सरकवलीत ते मी दारातून बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण तुम्ही पुनर्जन्म म्हणालात. म्हटलं, यांच्या घरात करमणुकीला ग्रामोफोन नसला तरी चालेल."